निजायचं काम

माणसाच्या गळ्यावर वस्तरा असला की तो खोटं कमी बोलतो, आणि बोललाच तर हळू बोलतो. न्हाव्याच्या धंद्यातली ही एक सोय आहे. बळवंतशेठ मात्र वस्तरा गळ्यावर असतानाही मोठ्यानं बोलायचे. पालघरजवळच्या आमच्या माहीममध्ये त्यांच्या दोन वाड्या होत्या, एक पानवेलीची आणि एक नारळ-केळीची. पानांच्या करंड्या बैलगाडीनं पालघर स्टेशनात जायच्या आणि तिथून मुंबईला. एक दिवसाआड सकाळी मी त्यांच्या ओट्यावर दाढी करायला जायचो. त्याचं मोल म्हणजे वर्षाकाठी भात आणि थोडे नारळ. खाल्ल्या मिठाला जागावं असं म्हणतात. पण ते मीठसुद्धा शेठ चिमटीनं मोजून द्यायचे, तेव्हा मी किती जागायचं हे माझं मी ठरवलेलं आहे.

तारापूरला अणुशक्तीचं काम जोरात चाललं होतं, त्या दिवसांतली ही गोष्ट. शेठच्या आईला सगळं गाव मोठीबाय म्हणायचं. नवरा गेल्यावर तिनं एकटीनं वाडी राखली, दोन मुलगे वाढवले. थोरले बळवंतशेठ, आणि धाकटे प्रतापभाऊ मुंबईला एका गिरणीत कारकून. अशी बाई एका दुपारी पाटाच्या पाण्यात पाय धुताधुता कोसळली. उजवी बाजू गेली आणि जीभही गेली. उरलं ते डोळे, कान आणि डावा हात. पालघरच्या डॉक्टरांनी सांगितलं, हिला सारखं कुशीवर वळवा, नाहीतर पाठीला जखमा होतील. शेठच्या घरातून, म्हणजे मंदावहिनींकडून, ते होईना. त्यांची कंबर धरायची, आणि खरं सांगायचं तर त्यांना घाण सोसत नव्हती. म्हणून वारल्यांच्या पाड्यावरून नवसीला आणलं.

नवसी आधी वाडीत शिंपणं करायला यायची. काळीसावळी, हाडापेरानं मजबूत, बोलायला कमी. बोली माझ्यादेखत ठरली. सूर्य वर आला की यायचं, दिवेलागणीला जायचं, दिवसाला रुपया आणि दुपारचं जेवण. नवसीनं मान हलवली आणि कामाला लागली. मोठीबायला पेज भरवायची, तिचं ओलं-सुकं बदलायचं, खोबरेल लावून पाठ चोळायची. पहिल्या महिन्यातच म्हातारीच्या चेहऱ्याला पुन्हा माणूसपण आलं. मी एकदा आत तिची नखं काढायला गेलो, तर ती नवसीच्या मांडीवर डोकं ठेवून खिडकीतून केळी बघत होती.

मग एका रात्री मोठीबाय खाटेवरून खाली पडली आणि सकाळपर्यंत तशीच पडून राहिली. दुसऱ्या दिवशी शेठ नवसीला म्हणाले, रात्री इथंच नीज. हा शब्द नीट लक्षात ठेवा. रात्री काम कर असं ते म्हणाले नाहीत. नीज म्हणाले.

निजायची व्यवस्था अशी होती. मोठीबाय खाटेवर, नवसी खाली चटईवर. म्हातारीच्या चालत्या हाताला काथ्याची दोरी बांधलेली, तिचं दुसरं टोक नवसीच्या मनगटाला. म्हातारीला तहान लागली की हिसका, कूस बदलायची झाली की हिसका, अंथरूण ओलं झालं की हिसका, आणि भीती वाटली तरी हिसका. म्हाताऱ्या माणसाला अंधारात भीती फार वाटते. सकाळी मी ओट्यावर वस्तरा परजत असायचो तेव्हा नवसी ओल्या गोधड्या घेऊन विहिरीकडे जायची. डोळे तांबडे झालेले, मनगटावर काथ्याचा वळ. एकदा गोधडी पिळतापिळता ती उभ्याउभ्या पेंगली आणि विहिरीच्या कठड्यावर तिचं डोकं आपटलं. मंदावहिनी आतून म्हणाल्या, रात्रभर झोपून हिचं पोट भरत नाही वाटतं.

नवसीला एक मुलगी होती, कमळी. तीन-साडेतीन वर्षांची असेल. नवरा झिपरू तारापूरच्या कामावर खडी वाहायला गेलेला, तिथंच झोपडी बांधून राहायचा. मुलगी पाड्यावर झिपरूच्या आईजवळ, आणि त्या म्हातारीला दिवस मावळला की दिसत नसे. थंडीच्या दिवसांत चुलीशी निजलेली कमळी कूस बदलताना निखाऱ्यांत गेली. पाय भाजला. सकाळी निरोप आला तशी नवसी धावत पाड्यावर गेली, पोरीच्या पायाला कसलासा पाला वाटून बांधला आणि दुपारी परत आली, कारण इकडे मोठीबाय ओल्यात पडली होती. शेठनी त्या दिवसाचा अर्धा खाडा धरला.

त्यानंतर पाड्यावरची जमना नावाची एक विधवा कमळीजवळ निजायला तयार झाली. पण तिनं आधीच सांगून टाकलं, रोजच्या रात्रीला पायलीतली थोडी नाचणी पाहिजे. नवसीनं मला हे विहिरीवर सांगितलं तेव्हा मी म्हटलं, काय बाई तरी, निजायची नाचणी मागते. नवसी म्हणाली, मागणारच. पोराशेजारी निजायचं म्हणजे अर्धं जागंच ऱ्हावं लागतं, फुकट कोण जागेल? पाड्यावरच्या त्या अडाणी बायांना जे कळत होतं ते आमच्या माहीमात कुणालाच कळत नव्हतं, असं नाही. कळून घ्यायचं नव्हतं.

शिमग्याला झिपरू घरी आला. तारापूरला कसं काम चालतं त्याच्या गोष्टी त्यानं सांगितल्या. भोंगा वाजला की काम सुरू, भोंगा वाजला की काम बंद. बंदच्या भोंग्यानंतर मुकादमानं थांबवलं तर त्याला ओव्हरटाइम म्हणतात, त्याचा पैसा दुप्पट. झिपरूच्या तोंडात तो शब्द वरटैम असा झाला होता, आणि नवसीला तो लगेच पटला. वरचा टैम. ठरलेल्या टैमाच्या वरचा. आमच्या शिकलेल्या लोकांनासुद्धा त्या इंग्रजी शब्दाचा इतका सरळ अर्थ लागला नसता.

शिमग्याची राख निवते न निवते तोच ती एका सकाळी ओट्यासमोर येऊन उभी राहिली. शेठचा एक गाल झाला होता, दुसऱ्यावर फेस होता.

ती म्हणाली, "शेट, दिस मावळला का माझा टैम भरते. त्याच्या म्होरं तुमी मना रातची ठेवता. त्या रातचा वरटैम द्या. नायतर मना घरा जाव द्या. पोर एकली हाय."

शेठ इतके हसले की मला वस्तरा मागं घ्यावा लागला. मग फेसातूनच म्हणाले, "अगो, रात्री तू निजतेस ना? मग निजायचे कसले पैसे? माझ्या घरात निजायचं मी भाडं मागत नाय, ते बघ. आणि तू काय परकी हायस? घरचीच तू."

घरचीच. ह्या एका शब्दावर आमच्याकडे माणसाला जन्मभर राबवता येतं. घरच्या ह्या माणसाची जर्मनची, म्हणजे ॲल्युमिनियमची, थाळी गोठ्याच्या कोनाड्यात होती, स्वयंपाकघराचा उंबरा तिला ओलांडायचा नव्हता, आणि माठातलं पाणी तिनं हातानं घ्यायचं नव्हतं. पाणी प्यायला तिनं स्वतःची करवंटी आणली होती. मात्र मोठीबायच्या तोंडात पेजेचा घास तिच्याच हातचा चालत होता. कामापुरता मामा म्हणतात तो हाच.

नवसीनं दुसरं दार ठोठावलं. प्रतापभाऊ महिन्यातून एकदा रविवारी आईला बघायला यायचे. ते गिरणीत टाइम ऑफिसात होते. कामगार किती वाजता आत आला, किती वाजता गेला, कुणाचा ओव्हरटाइम किती झाला, हेच त्यांचं दिवसभराचं काम. म्हणजे अख्ख्या माहीमात हा विषय समजणारा तो एकच माणूस. नवसीनं त्यांना विचारलं, आणि त्यांनी सगळं नीट ऐकून घेतलं. खुर्चीत पुढं वाकून त्यांनी तिला समजावलं, की तिचं म्हणणं खरं आहे, ठरलेल्या तासांवर काम घेतलं तर दुप्पट पैसे द्यावे लागतात, तसा कायदाच आहे.

"पण तो कारखान्याचा कायदा, नवसे," ते म्हणाले. "घराला कायदा नसतो."

नवसीनं विचारलं, घरात माणूस दमत नाय का? प्रतापभाऊंना वाईट वाटलं. त्यांच्या तोंडावर ते दिसत होतं. वाईट वाटायला पैसे पडत नाहीत. दुपारच्या गाडीला केळ्यांचा घड घेऊन ते मुंबईला गेले, आणि थोरल्या भावाशी एक शब्दही बोलले नाहीत.

ही गोष्ट गावात पसरायला वेळ लागला नाही. माझ्याच खुर्चीत बसून लोक पोट धरून हसले. वारलीण वरटैम मागते! नवसी बाजारातून जायला लागली की पोरं ओरडायची, वरटैम आली, वरटैम आली. तिचं नावच पडलं ते. तिनं कुणाला उलटून उत्तर दिलं नाही, पण एक गोष्ट सुरू केली. रोज दिवेलागणीला ती ओट्यावर यायची, शेठ झोपाळ्यावर बसलेले असायचे, त्यांच्यासमोर उभी राहून म्हणायची, "शेट, टैम भरला." एवढंच. आणि पुन्हा आत म्हातारीकडे जायची. तिला लिहायला येत नव्हतं, म्हणून बोलून ठेवायची. पहिल्यांदा शेठ चिडले, मग त्यांना सवय झाली. भरला, भरला, जा आत, असं म्हणून ते पानाला चुना लावायचे. पाहुणे आले असले तर तिच्याकडून मुद्दाम म्हणवून घ्यायचे आणि हसायचे.

मग ती सोडून का गेली नाही, असं तुम्ही विचाराल. मीही विचारलं. एकदा ती निघाली होती. पायरीपर्यंत गेली, आणि आतून मोठीबायनं असा आवाज काढला की गोठ्यातल्या गाई उठून उभ्या राहिल्या. दोरीच्या दुसऱ्या टोकाला कुणी नव्हतं आणि म्हातारी हिसके मारत होती. नवसी फिरली. शिवाय महिन्याचा पैसा महिना पुरा झाल्याशिवाय शेठ द्यायचे नाहीत, आणि नाचणी तर रोज लागायची. दिवसाच्या रुपयातून ती जमनेच्या रात्री विकत घेत होती आणि स्वतःच्या रात्री फुकट देत होती. चैत्र संपताना नाचणी संपली. जमना यायची थांबली. भाजल्या पायाची पोर पुन्हा त्या रातांधळ्या म्हातारीजवळ निजायला लागली, आणि नवसीचा जीव दोन ठिकाणी टांगला गेला.

वैशाखात शेठच्या भाचीचं लग्न पालघरला होतं. घरचे सगळे दोन दिवसांसाठी गेले. घरात मोठीबाय, नवसी, आणि गोठ्याकडे देवू गडी. मी लग्नात होतोच, नवरदेवाची दाढी माझ्याशिवाय कोण करणार? संध्याकाळची वेळ. मांडवात बिछायत घातलेली, शेठ व्याही मंडळींमध्ये बसून पानाचे भाव सांगत होते, तेवढ्यात देवू आला. माहीमपासून सायकल मारत आलेला, घामानं निथळत होता. तो सरळ शेठसमोर जाऊन उभा राहिला आणि म्हणाला, "नवसी सांगते, टैम भरला. बेगीन या."

सगळा मांडव हसला. माहीमची मंडळी तर अशी हसली की बाकीच्यांना ती गंमत समजावून सांगावी लागली. कुणीतरी म्हणालं, शेठ, जा, वरटैम चुकता करून या, नाहीतर मोर्चा येईल. व्याह्यांसमोर असली शोभा, शेठचे कान तांबडे झाले. देवूला म्हणाले, तिला सांग, उद्या येऊन भरतो तिचा टैम. देवू बिचारा जरा घुटमळला. मग कुणीतरी त्याला जेवायला बसवलं आणि तो जेवला.

देवूनं खोलीत जाऊन काही पाहिलं नव्हतं. गडीमाणसानं आतल्या खोलीत जायची रीत नव्हती. नवसीनं खोलीच्या दारातून त्याला सांगितलं, टैम भरला म्हणून सांग. मोठीबाय चालली, असं ती म्हणाली नाही, कारण दोन हातांवरच म्हातारी पडली होती आणि तिचे कान शाबूत होते. जाणाऱ्या माणसाच्या कानावर त्याचं जाणं घालायचं नसतं. आपल्याकडेही आपण म्हणतो, दिवस भरले, घटका भरली. नवसीनं तेच म्हटलं. पण गेले दोन महिने ह्या शब्दावर हसून हसून आम्ही त्याला दुसरा अर्थच ठेवला नव्हता.

दुसऱ्या दिवशी सकाळच्या एसटीनं शेठ, मंदावहिनी आणि मी एकदमच माहीमला आलो. घर शांत होतं. आतल्या खोलीचं दार उघडं होतं. मोठीबाय खाटेवर सरळ निजवलेली होती, केस विंचरलेले, डोळे मिटलेले, लुगडं नीट. आणि खाली, खाटेच्या कडेला डोकं टेकून, नवसी निजली होती. गाढ. तोंड उघडं पडलेलं, घोरत होती. मंदावहिनींनी हंबरडा फोडला तरी ती जागी झाली नाही.

दोरी तशीच होती. एक टोक म्हातारीच्या थंड हाताला, दुसरं नवसीच्या मनगटाला. म्हातारीच्या हाताची गाठ इतकी आवळली होती की सुटेना, तेव्हा मी वस्तऱ्यानं ती कापली. खाटेखाली नवसीची करवंटी होती, तळाशी थोडं पाणी होतं, आणि त्यात तुळशीचं एक पान. मी ते पाहिलं. शेठनी पाहिलं की नाही, मला अजून सांगता येणार नाही.

शेठनी पायानं ढोसलं तेव्हा नवसी उठली. डोळे चोळत तिनं सगळ्यांकडे पाहिलं आणि म्हणाली, "टैम भरला म्हणून काल सांगून धाडलं व्हतं. तुमी आले नाय."

शेठच्या चेहऱ्यावरचा रंग उतरला. त्यांना कळलं. मी त्या माणसाचा चेहरा एक दिवसाआड हातात धरत होतो, तेव्हा मला कुणी सांगायला नको, त्यांना त्या क्षणी सगळं कळलं. थोरला मुलगा असून आईच्या तोंडात पाणी घालायला ते नव्हते, मांडवात हसत होते. पण आपली चूक कळलेला माणूस ती ठेवायला दुसऱ्याचं डोकं शोधतो. तोवर शेजारीपाजारी जमले होते. शेठ त्यांच्याकडे वळून मोठ्यानं म्हणाले, "बघा. आई तडफडून गेली आणि ही निजली होती. निजलेली सापडली."

 नवसीनं मनगटावरचा दोरीचा तुकडा दातानं तोडला आणि विहिरीवर गेली.

दहाव्याला आम्ही समुद्रावर, सुरूच्या झाडांपाशी होतो. दोन्ही भावांची डोकी मी केली. भटजींनी पिंड मांडले. आता माहीमच्या किनाऱ्यावर कावळ्यांना काय तोटा? वाळत घातलेल्या मासळीवरून कोळणी त्यांना दिवसभर हाकलत असतात. त्या दिवशीही सुरूवर ओळीनं बसले होते. पण पिंडाला एकही शिवेना. भटजी म्हणाले, काही इच्छा मागं राहिली असेल, शब्द द्या. मग सुरू झालं. शेठनी हात जोडून सांगितलं, आई, प्रतापचं लग्न ह्याच वर्षी करतो. कावळे बसलेलेच. वाडीचा तुकडा पाडणार नाही. कावळे बसलेलेच. देवळाला घंटा देतो म्हणाले, मंदाला दुखवणार नाही म्हणाले. ऊन चढलं. वाळू तापली. लोक एकमेकांकडे बघायला लागले.

एक म्हातारे भाऊबंद म्हणाले, शेवटच्या घटकेला जवळ कोण होतं त्याला विचारा की.

नवसी तिथंच होती. मोठीबायची गादी-गोधड्या टाकायला तिलाच आणलं होतं, ते गाठोडं घेऊन ती लांब बसली होती. शेठ स्वतः उठून तिच्याकडे गेले. मी वस्तरा धुवायला पाण्याकडे जात होतो, मला सगळं ऐकू आलं. नुकतंच डोकं केलेला माणूस तसाही लहान दिसतो. मला त्यांची खरंच दया आली.

"नवसे," ते म्हणाले, "आई शेवटी काय बोलली का? पाणी तरी घातलंस का तिला? कायतरी सांग मला."

नवसीनं त्यांच्याकडे बघितलं. रागानं नाही. विचारल्या प्रश्नाला उत्तर द्यावं तसं म्हणाली, "रातचं ना शेट? रातची मी निजलेली असते. तुमीच सांगता."

प्रतापभाऊ मागून आले होते. ते हळूच म्हणाले, "दादा, कबूल कर. रात्रीचं देईन म्हण तिला. सगळ्यांसमोर म्हण. मग ती सांगेल."

 शेठनी तोंड उघडलंही होतं. पण मागं अख्खं गाव होतं, आणि रात्रीचं देईन म्हणायचं म्हणजे ती रात्री जागत होती हे म्हणायचं. म्हणजे तिला निजलेली म्हणून गावभर सांगितलं ते खोटं, आणि देवूचा निरोप खरा. एवढं सगळं एका शब्दात गिळावं लागलं असतं. आई तहानलेली गेली असं समजून जगणं त्या माणसाला त्याहून सोपं वाटलं. ते परत फिरले आणि भटजींना म्हणाले, "दर्भाचा करा."

भटजींनी दर्भाचा कावळा केला आणि पिंडाला लावला. खरे कावळे वरून बघत होते. आम्ही सगळे आंघोळी करून जेवायला गेलो.

नवसीला दिवसांचा पैसा मिळाला, खाडे वजा करून. गरज सरो वैद्य मरो. त्यानंतर तिला माहीममध्ये कुणी आजाऱ्याजवळ बोलावलं नाही. शेठचं वाक्य तिच्या आधी प्रत्येक घरात पोचलं होतं. ती निजते म्हणे, माणूस मेला तरी उठत नाही. चांगल्या घरांतल्या चांगल्या बायका हे बोलत होत्या, आणि त्यांच्या घरात कुणी आजारी पडलं की रात्री पाळीपाळीनं जागून दुसऱ्या दिवशी आपण किती दमलो ते एकमेकींना सांगत होत्या.

त्या दिवाळीनंतर मी बोईसरच्या बाजाराला बसायला लागलो. तारापूरच्या कामावरचे मजूर रविवारी तिथं यायचे, हिंदीत घासाघीस करायचे, पण दाढीचे पैसे रोख द्यायचे. एका रविवारी समोर नवसी उभी. कडेवर कमळी. मुलीच्या पायाची तीन बोटं एकमेकांना चिकटून गेली होती, आणि ती आता थोडी फरपटत चालेल, असं नवसीनं सांगितलं. नवसी आता झिपरूबरोबर खडी वाहत होती. वरटैम मिळतो का, असं मी विचारलं. मिळतो म्हणाली. भोंगा झाल्यावर थांबवलं तर मुकादम मांडून घेतो.

मी तिला चहा पाजला. मग राहवलं नाही म्हणून विचारलं, की त्या रात्री खरं काय झालं. ती करवंटी आणि ते तुळशीचं पान माझ्या डोळ्यांपुढून जात नव्हतं.

तिनं सांगितलं. देवू सायकलवर गेला आणि मोठीबायला घरघर लागली. नवसीनं तिचं डोकं मांडीवर घेतलं. माठाला हात लावायचा नव्हता, म्हणून विहिरीचं पाणी आपल्या करवंटीत आणलं, वृंदावनातलं पान तोडून त्यात टाकलं, रोजच्यासारखी दोरी बांधली आणि थेंब थेंब तोंडात सोडलं. बराच वेळ म्हातारी पीत राहिली. मग तिनं दोरीचा हिसका मारला. नवसी जवळच होती तरी मारला. नवसीनं कान खाली नेला, आणि इतके महिने जीभ न हललेली ती बाई स्पष्ट बोलली.

"नीज गो आता, नवसे, असं बोलली," नवसी म्हणाली. "मंग गेली. मी तिला नीट केली, केस इंचरले, आनि निजली. तिनं सांगितलं म्हणून निजली. त्या घरात तेवढीच एक रात निजली मी."

 मी म्हटलं, अगं, मग हे शेठला का सांगितलं नाहीस? तो माणूस ह्या एका गोष्टीसाठी झुरतोय. अजून दाढी करताना मध्येच विचारतो, पंढरी, आई तहानलेली गेली असेल का रे.

नवसीनं कमळीला दुसऱ्या कडेवर घेतलं.

"ते रातचं हाय, पंढरीदादा," ती म्हणाली. "रात कुठं मांडून घेतली त्यांनी माझी?"